बाभळीची मूठ

मीरा रोड (पूर्व),
रविवार, २० नोव्हेंबर १९९४

चि. श्रीपतीस,

अनेक आशीर्वाद.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींत 'रा. रा. श्रीपतराव यांस' असं लिहिलं आणि दोन्ही फाडली. आमच्या लग्नात तुला नुकती मिसरूड फुटत होती. तुला राव कसं म्हणू? पत्ता तुमच्या मावशीच्या आशाकडून मिळवला. गावात पंप दुरुस्तीचं दुकान टाकलंयस आणि बरं चालतंय, हेही तिनेच सांगितलं. ऐकून बरं वाटलं.

आमचं इथलं ठीक आहे. परळची खोली सोडून इकडे येऊन सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं खिडकीतून मिठागरं दिसायची. ते पांढरे ढीग पाहिले की शाळेतली एखादी कविता आपोआप ओठावर यायची. आता समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात; त्यांच्यावर कुणी कविता केलेली नाही. यतीन बँकेत आहे, सूनबाई सुचेता शाळेत शिकवते. मी रिकामा.

तुझ्या ताईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायची सक्त मनाई केली. म्हणजे विळी बंद. "ओट्याशी उभं राहून सुरीने चिरा, आजी," असं डॉक्टर म्हणाले. यतीनने बाजारातून दोन सुऱ्या आणल्या, त्या फळीवर तशाच पडून आहेत. ही बसते विळीवरच. उठताना पलंगाचा पाय धरते आणि दात आवळते. हात पुढे केला तर म्हणते, "राहू द्या. उठता येतं मला."

तेव्हा मला तुझी सुरी आठवली. मिलमध्ये शिकाऊ असताना करवतीच्या मोडक्या पात्यातून घडवून तू ताईला लग्नात दिलेली. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सापडली. पातं गंजून तांबडं झालेलं, फणसाची मूठ उभी फाटलेली, वाळवीने आतून पोखरलेली. बारा वर्षं तिला कुणाचा हात लागला नव्हता.

सुरी कुणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी, घेणाऱ्याने उचलावी, नाहीतर भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. तू ती मांडवात थेट ताईच्या हातात दिलीस. माझ्या आईने तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. कुणी विचारलं, श्रीपती हल्ली येत नाही का, तर बारा वर्षं मी हेच सांगत आलोय. सुरी हातात दिली होती, म्हणून बिनसलं.

(इथे उठून गॅलरीत जाऊन आलो. स्वयंपाकघरात कोबी चिरायचा आवाज येतोय. विळीच.)

तर सुरीचं सांगतो. हिला न सांगता सगळं करायचं ठरवलं. मुठीसाठी लाकूड हवं म्हणून राई गावात गेलो. तिथे खाडीकाठी काशीनाथ म्हणून होड्या दुरुस्त करणारा एक सुतार आहे. मी ऐटीत सागवान मागितलं. तो हसला.

"साग कशाला, काका? तो सुरीला मऊ हाय. बाभलीची मूठ करू. रोज पान्यात बुडली तरी चिरनार न्हाय."

मी म्हटलं, कर बाबा.

"पन हात कोनाचा?"

"म्हणजे?"

"सुरी कोन धरनार? तुमी? तुमच्या हाताला तर पेनचा घट्टा हाय!"

मग हिला दुपारी डोळा लागला तेव्हा सुचेताच्या शिवणाच्या दोऱ्याने हिच्या मुठीचं माप घेतलं. छत्तीस वर्षांच्या संसारात हिचा तळहात इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला, श्रीपा. काशीनाथने त्या मापाची मूठ तासली. पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू नये म्हणून पात्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, मागची शेपटी तेवढी लाल तापवली आणि मुठीत दाबली. चर्रर्र आवाज झाला, धूर झाला. भोकात राळ ओतली. मूठ अशी बसली, जणू पातं तिच्यातूनच उगवलंय.

पातं मात्र मी स्वतः घासायला घेतलं. कुरुंदाचा दगड, पॉलिश पेपर आणि थोडं रॉकेल. रोज दुपारी, आठ दिवस. सुचेता चिडवायची, "बाबा, तुमची सुरी म्हणजे आमच्या शाळेचा निकाल. उद्या लागणार, उद्या लागणार!" पण मला घाई नव्हती. हात पुढे-मागे जाऊ लागला की त्याला आपसूक भुजंगप्रयाताची चाल लागायची. लगागा लगागा लगागा लगागा. सातवीच्या वर्गातला मी बाकावर डुलतोय, खिडकीत चिमण्या, असं काहीबाही दिसायचं. मुठीजवळ, पात्याच्या पाठीशी, गंजाने बारीक बारीक खळ्या पाडल्या होत्या. त्या काही केल्या जाईनात. तिथे मी जास्त जोर लावला. दोन पूर्ण दुपारी. शेवटी तिथे आरशासारखं लखलखीत झालं आणि मी स्वतःवरच खूश झालो.

भाऊबीजेला सकाळी सुरी ओट्यावर ठेवली आणि हिला हाक मारली. हातात नाही दिली, खाली ठेवली.

ही आली. बघत राहिली. मग उचलली. मूठ हातात बरोबर बसली तशी हिच्या तोंडावर काहीतरी उमटलं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. मग हिने अंगठा पात्याच्या पाठीवरून मुठीकडे आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. चष्मा लावून उजेडाशी गेली.

"इथलं माझं नाव कुठं गेलं?"

"कसलं नाव?"

"श्रीपाने ठोकलं होतं. ठिपक्याठिपक्यांनी. वैजू."

मी म्हटलं, "अगं, मला वाटलं गंज आहे."

"गंज नव्हता तो. मी होते."

एवढंच. सुरी ओट्यावर ठेवली आणि विळी घेऊन खाली बसली.

माझ्यावर चिडली असती तर बरं होतं. तिला वैजू म्हणणारी तुमची आई गेली, वडील गेले. उरलास तू, आणि ते पातं. चोवीस वर्षं ती सुरी माझ्या घरात वापरात होती आणि तिच्यावर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं. मी! इंशुरन्स कंपनीत जन्मभर दुसऱ्यांची बारीक अक्षरं वाचणारा.

त्या संध्याकाळी हिने गॅलरीत उभं राहून चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. बारा वर्षं ओवाळतेय. मी दरवेळी त्या सुमारास पेपर उघडून बसतो.

आता ते लिहितो, जे टाळत इथवर आलो.

सुरी हातात दिल्याने काही झालं नाही. संपात तुझं काम गेलं आणि तू आमच्याकडे राहायला आलास. दोन महिने झाले होते. त्या दिवशी ऑफिसातले दोघे घरी आले होते. तू खाली बसून त्याच सुरीने त्यांच्यासाठी काकडी चिरत होतास आणि त्यांच्याशी संपाबद्दल बोलत होतास, मोकळेपणाने, घरच्यासारखा. मला लाज वाटली. माझा मेहुणा संपवाला, हे साहेबाच्या कानावर जाईल याची भीती वाटली. आणि मी म्हणालो, "सुरी दिलीस म्हणून घर तुझं झालं का रे?"

तू काकडी पुरी चिरलीस. सुरी खाली ठेवलीस. "येतो, ताई," म्हणालास आणि वळकटी उचललीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. दुसऱ्या दिवशी हिने विळी विकत आणली. मी कारण विचारलं नाही. मला माहीत होतं.

ते वाक्य माझं होतं, श्रीपा. सुरीचं नव्हे.

काल पुन्हा विनवलं, "अगं, गुडघ्यांचा तरी विचार कर. मी कुणाकडून तरी नाव घालून आणतो. भांड्यांवर नावं घालणारा बसतो बाजारात." ही कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याने घातलं होतं त्याच्या हातचं असेल तर बघू."

तेव्हा ये. तुझा पंच आणि हातोडी घेऊन ये. त्या कडक पात्यावर आता ठिपका उमटतो की नाही, ते तुलाच ठाऊक. नाही उमटला तर काशीनाथची मूठ आहे, तिच्यावर कोर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी त्या दिवशी राईला जाऊन बसेन. पण ये. तिने पुढच्या भाऊबीजेला चंद्राकडे तोंड करू नये, एवढंच मला हवंय.

आत चिरायचा आवाज थांबलाय. आता उठेल. मी दाराशी जाऊन उभा राहतो. हात पुढे करत नाही, नुसता उभा राहतो.

सुरी ओट्यावर आहे. हे पत्रही तुझ्या हातात देत नाही, तुझ्यासमोर खाली ठेवतो. उचलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा अपराधी,
भाऊजी
(पंढरीनाथ)