डावा बैल लुसेरो आणि इतर मालमत्ता

मी, लिबोरियो कुर्बेलो, वय वर्षे बासष्ट, धंदा शेती, विधुर, राहणार सॉसे ओढ्याचा उत्तर काठ, जिल्हा कानेलोनेस, उरुग्वाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. डोके शाबूत आहे. छातीबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टर पेरणी बघाल म्हणाले, कापणीचे काही बोलले नाहीत. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. घर, विहीर आणि वरचे रान माझी मुलगी एदेल्मिरा हिला मिळावे. खालचे रान मुलगा फॉर्तुनातो याला. तो मोंतेविदेओत ट्राम चालवतो आणि रुळाशिवाय कुठे जायची त्याची सवय गेली आहे, म्हणून ते बहिणीलाच वाट्याने कसायला द्यावे. दारातले अंजीर कोणीही तोडू नये. त्याच्या मुळांनी विहिरीला तडा गेला आहे हे मला ठाऊक आहे. ते माझ्या बायकोने, रामोनाने, लावले होते. तडा लिंपता येतो.

कलम २. मेंढ्या कातरायची कात्री एदेल्मिराला. १९०४ च्या यादवीत आम्हा पांढऱ्या फितीवाल्यांकडे बंदुका थोड्या होत्या. मी या कात्रीचे एक पाते बांबूला बांधून भाला केला आणि लढाईला गेलो. दुसरे पाते रामोनाने घरी पिठाच्या डब्यात जपून ठेवले. "अर्धी कात्री परत आणा," ती म्हणाली, "नाहीतर वसंतात मेंढ्या काय दातांनी कातरू?" नऊ महिन्यांनी मी पाते परत आणले. भाल्याने कोणाला ओरखडाही काढला नव्हता, पण पाते जरा वाकले होते. म्हणून आमच्या मेंढ्या डाव्या अंगाला अजून खडबडीत दिसतात.

कलम ३. अंगावर पांघरायचा माझा लोकरी पोन्चो फॉर्तुनातोला. त्यावरचे भोक गोळीचे आहे असे तो ट्रामच्या डेपोत सांगतो. ते दुसऱ्याची मेंढी भाजताना उडालेल्या ठिणगीचे आहे. लहानपणी तो आजारी असताना मी त्याला गोळीचे सांगितले होते, आणि मग खरे सांगायला सवड झाली नाही.

कलम ४. रेमिहियो न्हावी माझ्या थडग्यापाशी भाषण करू इच्छील. त्याला करू देऊ नये. सबंध यादवीत तो दातदुखीने घरी होता आणि त्या लढाईची सर्वांत जास्त माहिती त्यालाच आहे.

कलम ५. हे सगळे लिहायला बसलो तो या कलमासाठी.

ओढ्याच्या दक्षिण काठचा क्लेतो पेर्दोमो यादवीत तांबड्या फितीकडून, म्हणजे सरकारकडून, लढला. आम्ही परतलो तेव्हा दोन्ही सैन्यांनी आमचे घोडे नेले होते आणि जाताना दोघांचा एकेक बैल खाल्ला होता. त्यात पक्षपात झाला नाही. त्याच्याकडे एक उरला, माझ्याकडे एक. एका बैलाने नांगर ओढला जात नाही, म्हणून एका सकाळी मी माझा बैल ओढ्यापलीकडे नेऊन उभा केला. क्लेतो बघून आत गेला. त्याने जू आणले.

तेव्हापासून आम्ही सावडीने नांगरतो. डावा बैल माझा, उजवा त्याचा. चार जोड्या झाल्या, चौतीस वर्षे झाली, आणि या काळात आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. जे बोलायचे ते बैलांशी.

"बार्सिनो," मी त्याच्या बैलाला म्हणतो, "तुझ्या मालकाला सांग, सकाळी जरा लवकर उठत जा."

"लुसेरो," तो माझ्या बैलाला म्हणतो, "तुझ्या मालकाला म्हणावं, आधी नांगराचं तास सरळ धर. पार शेजारच्या तालुक्यात चाललंय."

रामोना गेली तेव्हा तो तीन दिवस माझ्या बैलाला चारा घालायला आला. "खाऊन घे रे," तो म्हणायचा. "न खाऊन माणूस परत येत नाही." बैल तर व्यवस्थित खात होता.

आता क्लेतोला जे सांगितलेले नाही ते. त्याचा धाकटा भाऊ हुस्तिनो, वय एकोणीस, त्याच यादवीत, नदी ओलांडायच्या उतारावर मारला गेला. मी मागे घोडे सांभाळत होतो असे मी गावात सांगितले. ते खोटे आहे. आमच्यात दोघांमागे एक बंदूक होती आणि त्या सकाळी पाळी माझी होती. धुक्यात, पलीकडच्या काठावर, मी तीन गोळ्या झाडल्या. कुठे गेल्या, माहीत नाही. दुपारी धुके विरले तेव्हा क्लेतो भावाला खोगिरावर आडवा घालून नेताना दिसला.

बैल विकून टाका, असे फॉर्तुनातो पत्रातून कळवतो. विकू नये. लुसेरो क्लेतो पेर्दोमोला मिळावा, कोणत्याही अटीशिवाय. हे वाचून त्याने नाकारला तर तो त्याचा हक्क आहे. मग दोन्ही काठांची राने पडीक राहतील आणि दोष माझा असेल.

पुरवणी. वरील मजकूर नोटरींनी आज माझ्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवला. क्लेतोला मी ऐकायला बोलावले होते. तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता. तीन साक्षीदार लागतात. तिसरा तापाने आला नाही. कलम ४ ऐकून रेमिहियोने तोंड वाकडे केले, पण सही केली. शाळेच्या बाईंनीही केली. नोटरी म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

"मी करतो सही," क्लेतो म्हणाला.

"तुमची चालणार नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही," नोटरी म्हणाले.

"मग त्या बैलाच्या कलमातून माझं नाव खोडा."

"बैल नको तुम्हाला?"

"हवाय की. पण सही करायचीय."

खोलीत बैल नव्हता. त्यामुळे त्याला माझ्याकडेच बघावे लागले.

"तू तिथं होतास हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "धुकं हललं तेव्हा तुझी टोपी दिसली होती. मीही चार झाडल्या तुझ्यावर. तुझं तास आणि माझा नेम, दोन्ही सारखेच."

मी विचारले, "आणि हुस्तिनो?"

त्याने टोपीची कड चाचपली. "ते तुलाही कळायचं नाही, मलाही नाही," तो म्हणाला. "सोमवारी माझं रान नांगरायला धरू. लवकर ये, लिबोरियो."

म्हणून कलम ५ असे बदलले आहे: लुसेरो एदेल्मिराला मिळावा. दर नांगरणीला तिने त्याला डावीकडेच जुंपावा आणि ओढ्यापलीकडे न्यावा. क्लेतोशी तिने सरळ बोलावे.

लिहून देणार: लिबोरियो कुर्बेलो

साक्षीदार:
रेमिहियो बेतान्कोर, न्हावी (भाषणाबाबत हरकत नोंदवून)
सेलेदोनिया फेओ, शिक्षिका
क्लेतो पेर्दोमो, शेतकरी, दक्षिण काठ

सॉसे ओढा, गुरुवार, ९ जून १९३८