झाकलेलं ताट

सोमवार, १२ मे

ताईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

आपण तिघं खाटकाची पोरं, आणि तिघांची तक्रार एकच: बाबा आपल्याबरोबर एकदाही जेवायला बसले नाहीत. दुकान घराला लागून, मध्ये फक्त एक दार. तरी आई रोज म्हणायची, "त्यांचं मागच्या खोलीत झालं." ताई, तू त्याला घमेंड म्हणायचीस. धाकटा म्हणायचा, "चांगले तुकडे एकटेच हाणतात." मी काय म्हणत आले ते साऱ्या शहराला माहीत आहे; बाबा मला उगाच 'तोफ' म्हणत नाहीत. त्याकडे येतेच.

ताई, गुडघ्याचं काय झालं? माझं बरं चाललंय. चार वर्षांपूर्वी मांस सोडलं, दोन वर्षांपूर्वी अंडी, यंदा चामड्याच्या चपला. मांसाहाराविरुद्धच्या सभांत मात्र अशी बोलते, जणू सगळं एका झटक्यात सुटलं. चहातलं दूध अजून सुटलेलं नाही. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

काल दुपारी न कळवता बाबांकडे गेले. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली, पण पुढच्या सभेत दाखवायला मला त्यांचा जुना सुरा हवा होता. ते स्वयंपाकघरात एकटेच जेवत होते. मला पाहताच त्यांनी ताटावर झाकण घातलं.

"काय लपवताय?" म्हणत मी ते उचललं. उकडलेले बटाटे, तेलावर परतलेला कोबी, पाव.

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"डॉक्टर कशाला सांगतोय? धाकटा पोटात होता तेव्हापासून हेच."

धाकट्या, तुला बेचाळीस पूर्ण झाली.

मी स्टुलावर बसले. ते बटाटा सोलत सांगत होते. एका सकाळी हात नेहमीसारखे चालले, पण दुपारी घास उतरेना. आधी मटण सुटलं, मग कोंबडी, मासे, अंडी. "खाटीकच खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल? मालात खोट आहे. दुसरं काम येत नव्हतं. दोन तोंडं घरात, तिसरं वाटेवर. तुझ्या आईला ठाऊक होतं."

मग त्यांनीच विचारलं, "तुझं दूध सुटलं का?"

"नाही. चहातलं राहिलंय."

"मलाही तेच जड गेलं. सात वर्षं लागली. एकदम तोडू नकोस, तोफे. आधी अर्धं कर, मग पाव. ओट भिजवून वाटले तर चालतात, पण नीट गाळ. नाहीतर चहाची खळ होते."

शंभर सभांत मी लोकांना दिव्याखालचा अंधार दाखवला. काल कळलं, दिवा मीच होते.

"आणि दुकानातला तो मसाल्याचा खिमा?" मी विचारलं. "चमचाभर परतून मला मीठ बघायला लावायचात."

"माझ्या तोंडात जात नव्हता ना. तुझी जीभ पक्की होती."

आता सांगते. गेल्या महिन्यातल्या सभेत मी म्हणाले, "आठ वर्षांच्या लेकीला चटक लावून ज्यानं आपल्या धंद्यात ओढलं, तो माझा बाप. त्याच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा?" सभागृह दणाणलं. बाबा शेवटच्या रांगेत बसले होते, हे काल त्यांनीच सांगितलं.

"मग उठून का नाही गेलात?"

"गर्दी होती. आणि बोलतेस छान. मीही टाळ्या वाजवल्या."

मी माफीसुद्धा मागितली नाही. सुरा तिथेच ठेवून उठले. दारात त्यांनी विचारलं, "जेवून जातेस?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं, आणि मी "नको" म्हणाले. मागे झाकण पुन्हा ताटावर पडल्याचा आवाज आला.

तुमच्या मनात त्यांच्याविषयी जे काही आहे त्यात माझ्या भाषणांचा वाटा मोठा आहे. म्हणून हक्काने सांगते. येत्या रविवारी दुपारी ठीक एक वाजता बाबांच्या घरी या, आणि ते जे खातात तेच त्यांच्याबरोबर बसून खा. मी भाषण करणार नाही. बटाटे सोलेन.

त्या घरात मीठ बघणारी,
तुमची मधली