गाडीला लाइन जोडण्याआधी

भालू,

दादा गेले त्याच्या आदल्या दिवशी तीर्थपुरीच्या जत्रेत त्यांनी आपल्या सिनेमाच्या गाडीला पिठाच्या गिरणीतून लाइन घेतली. बल्ब पाहून म्हणाले, "व्होल्टेज बराबर आहे." मी मीटर पुढे केला तर हसले, "पुस्तकं वाचून करंट कळत न्हाई, बाई."

दुसऱ्या दिवशी गाडीच्या पत्र्याला हात लागला आणि ते गेले. बल्ब तेव्हाही छान पेटलेला होता.

उद्या कुंभार पिंपळगावात खेळाआधी अर्थिंगची सळई ओल्या मातीत ठोकून गाडीच्या पत्र्याला तारेनं जोड, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जाईल. मग लाइन आणि सळईमध्ये मीटर लाव. काटा दोनशे तीसजवळ असेल तरच गाडीला लाइन जोड. सळई सीटखाली आहे. दादांनी लाइन घेतली त्या दिवशीही तिथंच होती. मला दिसत होती, पण मी रुसून गप्प बसले.

आज रिकाम्या गाडीजवळ मी मोठ्यानं म्हणाले, "दादा, थांबा. सळई ठोकलेली नाही."

ताई