अंजिरावरचे जाळे

मी, मुस्तफा इब्राहीम परकार, वय एकोणसत्तर, मूळ राहणार हर्णे, तालुका दापोली, सध्या मुक्काम हुफूफ, सौदी अरेबिया, असे लिहून ठेवतो की माझी अक्कल शाबूत आहे, नजर तर नको तितकी शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाने वा लाडीगोडीने केलेले नाही. लाडीगोडी झाली, ती पुढे सांगतो.

१. हयात वारस एकच, धाकटा मुलगा मुझम्मिल, नोकरी सौदीतच, राबिघ शहरी. थोरला नौशाद अल्लाला प्यारा झाला. त्याची बायको उमामा इथे नर्स आहे व माझ्याजवळ राहते. शरियतप्रमाणे सून वारस नाही, त्यामुळे हर्णेचे घर नि वाडी आपल्यालाच मिळणार असे मुझम्मिल धरून चालला आहे. दर जुम्म्याला त्याचा फोन येतो. आधी तब्येत विचारतो, मग सातबारा कुठे ठेवलाय ते. "आणि अब्बा, भाभीवर नजर ठेवा. फुकट कोन कोनाची सेवा करतो?" हे मात्र मला पटले.

२. इथले घर व अंगण कफीलचे, म्हणजे मला कामावर आणणाऱ्या अरब मालकाचे. झाडे कोणाला देण्याचा हक्क मला नाही, बघण्याचा आहे. उन्हाळा सरल्याची खूण म्हणून सुहैल तारा दिसला, पहाटवारा निवला, की फजरच्या नमाजानंतर मी खिडकीत खुर्ची टाकतो. यंदा बोरीला बारीक फुले आली, त्यावर मधमाश्या आल्या, कुणाच्या पेटीतल्या कोण जाणे. बुलबुल अंजिरावर टपलेले. ते उघड चोर, त्यांच्यासाठी नायलॉनचे जाळे टाकले. पण रोज सकाळी जाळ्याचा भिंतीकडचा कोपरा सोडलेला. बुलबुलाला गाठ सोडता येत नाही.

पहिला संशय शेजारी उमाकांत पेडणेकरांवर. विचारले तर म्हणाले, "मुस्तफाभाई, मला डायबिटीस आहे." डायबिटीसवालेच चोरून खातात. दुसरा संशय घरातच होता.

३. म्हणून एका पहाटे पडद्याआड उभा राहिलो. उमामा नाइट ड्यूटीवरून आली ती अबाया न काढता थेट अंजिराकडे. जाळ्यात एक हुदहुद पाय अडकून लटकला होता, तुरा पार विस्कटलेला. थंडीच्या आधी ही पाखरे दरसाल इथे उतरतात. तिने त्याला ओढणीत धरले, छोट्या कात्रीने एकेक धागा कापला आणि त्याला म्हणाली, "अब्बांस सांगू नको हां, नायतर तुझा पन इकामा मागतील." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. मग अडकलेल्याला वाट असावी म्हणून कोपरा सोडून ठेवला. अंजीर एकही तोडले नाही.

मला पाहून तिने नाटक केले असेल, ही शंका मी सोडलेली नाही. पण कात्री चालवताना तिने त्याचे डोके तळव्यावर टेकवले होते. नौशादला शेवटी चमच्याने पाणी पाजताना त्याचेही असेच टेकवायची. मला रडू आले, हेही लिहून ठेवतो.

४. शरियतप्रमाणे वारस नसलेल्याला वसीयतीने मिळकतीचा एक तृतीयांश देता येतो; सून वारस नाही, म्हणूनच तो तिला देता येतो. सबब माझ्या मिळकतीचा एक तृतीयांश, म्हणजे हर्णेच्या घराची विहिरीकडची बाजू व तिथली वाडी, मी उमामाला देत आहे. तिथून तिला कोणी उठवू नये. बाकी सर्व मुझम्मिलचे. माझी पंपदुरुस्तीची हत्यारेही त्यालाच, जन्मात एक नट फिरवला नसला तरी. सातबारा पेडणेकरांकडे आहे, माझी कपाटे उचकू नयेत.

५. त्या दिवसापासून जाळ्याचा कोपरा रात्री इशाच्या नमाजानंतर मीच सोडून ठेवतो. सकाळी ओरडतो, "जाळं कोनी उघडलं?" उमामा म्हणते, "मला काय ठाव, अब्बा." हे वाचले जाईल तेव्हा तिला कळेल. तोवर साक्षीदारांनी तोंड बंद ठेवावे. पेडणेकरांच्या दमयंतीबाईंचा मला भरवसा नाही.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

मुस्तफा इब्राहीम परकार

साक्षीदार: १. उमाकांत पेडणेकर (अंजीर खाल्लेले नाही)
२. दमयंती पेडणेकर

हुफूफ, २९ सप्टेंबर २०२५