उंद्रीच्या अलीकडचा उतार

खामगाव,
रविवार, सकाळ

प्रिय हर्षल,

तू नाशिकला गेलास त्याला दीड वर्ष झालं. फोनवर आपण थंडी पडली का विचारतो, घरचे बरे आहेत ना विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला. शाळेला सुटी आहे, ऊन कोवळं आहे आणि जिनिंगमधून उडून आलेलं कापसाचं पुंजकं खिडकीच्या गजाला अडकून हलतंय. असे दिवस आले की टेबलाखाली माझे पाय आपोआप पायडल मारायला लागतात.

सहा वर्षं, दर डिसेंबरात चार दिवस. दहा-बारा सायकली, खामगावाहून बोथ्याचा घाट, मग डोंगराच्या कडेकडेने कच्च्या वाटा, शेवटी लोणार. दोन महिने आधीपासून मी मोटरसायकलवर एकेक पांदण पाहून यायचो. कुणाच्या मळ्यात मुक्काम, कुणाच्या विहिरीवर पाणी, सगळं वहीत. तू हसायचास, "प्रेमा, वऱ्हाड घेऊन चालला का बे?" पण ट्रिप नेणाऱ्याने सगळ्यांच्या मागे राहायचं असतं, म्हणजे कुणी वाटेत सुटत नाही. त्यामुळे त्या दिवसांच्या माझ्या आठवणीत चेहरे कमीच आहेत, पाठी जास्त. आणि सगळ्यांच्या पुढे तुझा तो विटका केशरी शर्ट. तुरीच्या शेंड्यांवरून तरंगत जायचा, वळणाआड गडप व्हायचा, पुढच्या टेकडीवर बोटाएवढा होऊन पुन्हा दिसायचा.

बोथ्याची ती धुक्यातली सकाळ आठवते? चाकं दिसतच नव्हती. नुसती माणसं कमरेपासून वर, पांढऱ्यातून हळूहळू सरकत होती. मागच्या चाकांच्या फ्रीव्हीलची तेवढी टिकटिक. दवाखान्यातली आपली पुष्पांजली नंतर म्हणाली होती, "मले तं वाटलं, मी अजून उठलीच नाही." मलाही अजून कधी कधी तसंच वाटतं. वर्गात मुलं पाढे म्हणत असतात आणि मी त्या धुक्यात असतो.

मग शेवटच्या ट्रिपचा तो तिसरा दिवस. उंद्रीच्या अलीकडचा उतार. मी खाली पोचलो तेव्हा तू त्या घळीत पडला होतास, मांडीचं हाड मोडलेलं, मनगट उलटं. पुष्पांजलीने सायकलचा पंप आणि ओढणी घेऊन तुझा पाय बांधला. आणि तू, हर्षल, आमचीच माफी मागत होतास. "माह्यंच चुकलं बे. हातानं ब्रेकच वेळेवर लागला नाही. तुमची सगळ्याइची ट्रिप खराब केली मी." सगळे म्हणाले, अरे होतं असं. मीही म्हणालो.

त्यानंतर ट्रिप निघाली नाही. विचारणाऱ्यांना मी शाळेचं काम सांगतो. सायकल भिंतीला टेकून आहे, दर महिन्याला साखळीला तेल देतो आणि परत तिथेच ठेवतो. मध्यंतरी एकदा बोथ्यापर्यंत एकटा गेलो. पळसाच्या पानांवर दव होतं, सगळं तसंच होतं. मागे वळून पाहिलं तर वाट रिकामी, पुढे पाहिलं तर तीही रिकामी.

मागच्या आठवड्यात करिष्मावहिनींचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाल्या, पण सांगतो. तू सायकल भंगारात दिलीस. कार चालवताना मध्येच बाजूला घेऊन थांबतोस. लेकीने वाढदिवसाला सायकल मागितली तर तिला म्हणालास, बापाच्याच हाताचा भरवसा नाही, तुला काय शिकवू. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले समजावा ना. ते असे नव्हते." मी हो म्हणालो. फोन ठेवला, पण तुला लावला नाही. कारण समजावण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, सांगण्यासारखं होतं.

तू पडलास त्याच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही सगळे मळ्यातल्या हौदावर हातपाय धूत असताना, बकऱ्या घेऊन परतणारा कडूबा माझ्यापाशी थांबला होता. म्हणाला, "गुरुजी, उद्या त्या उतारानं नका जाऊ. सावरीच्या झाडापुढं वाट पावसानं कापून नेली." पण तो उतार मी दोन महिने मनात धरून ठेवला होता. तिथून सगळं खोरं एकदम उघडतं, मला तुमचे चेहरे पाहायचे होते. ठरवलं, सकाळी आपण स्वतः पुढे जाऊन पाहू, वाईट असेल तर सगळ्यांना उतरवू. सकाळी निघताना मागे एकाचं चाक पंक्चर झालं, मी ट्यूब काढत बसलो. तू लांबून ओरडलास, "निघू का बे?" मी मान वर न करता, जा म्हणून हात हलवला. कडूबाचं बोलणं त्या क्षणी डोक्यात नव्हतं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. होतं, हर्षल. वाटलं, तू आहेस, सांभाळशील.

तुला दवाखान्यात सोडून दुसऱ्या दिवशी कडूबाला घेऊन मी तुझी सायकल आणायला गेलो. सावरीपाशी वाट वळते, त्या वळणाआधी घळ दिसतच नाही. मी माझ्या सायकलवर बसून, तुझ्यासारखं वाकून पाहिलं. ती पहिल्यांदा दिसते नेमकं तिथूनच तुझ्या चाकाचा ओरखडा सुरू होत होता. सरळ, घळीच्या काठापर्यंत, पाच पावलं. कडूबा म्हणाला, "यायनं तं दिसल्याबरोबर ब्रेक दाबला. जागाच नोती ना." मी त्या ओरखड्यावर उभा राहून ठरवलं की तुला सांगायचं, आणि सायकल घेऊन गप्प घरी आलो. परवा पुष्पांजलीला आणि बाकी सगळ्यांना बोलावून हे सांगितलं. तू वाटेल तेवढा राग धर, उत्तर नको पाठवूस. फक्त लेकीला सायकल घे आणि सीट मागून तूच धर. ब्रेक तू वेळेवरच दाबला होतास. तुझे हात चुकले नव्हते, माझा चुकला, जा म्हणताना.

तुझाच,
प्रेमानंद