आधी दार उघड

तिसरी झोपडी, हिमाचल
३० ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईस,
जयाचा सा. न. वि. वि.

वहीचं पान बघून दचकू नकोस. माझा मोबाईल केव्हाच मेलाय. झोपडी सांभाळणारा बचनसिंग वरच्या टेकाडावर चढला की त्याच्या फोनला रेंज येते, पण त्यात मराठी लिहिता येईना. म्हणून तो पानाचा फोटो काढून तुझ्या धाकटीला, सुकन्याला पाठवेल. तुझं उत्तरही तसंच येऊ दे.

आई, आम्ही अडकलोय. या झोपडीतून त्या झोपडीत असं सहा दिवस डोंगरातून चालायचं होतं. तिसरीत पोचलो आणि परवा संध्याकाळपासून बर्फ पडतोय तो थांबायचं नाव नाही. पुढची खिंड बंद, मागची वाट बुजलेली. निघताना तू हिणवलं होतंस, की ऊसतोडीपायी तुम्ही दोघं जन्मभर या कोपीतून त्या कोपीत हिंडलात आणि ही मास्तरीण दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं कोपीत राहायला चालली. हस आता पोटभर! तुमची कोपी पाचटाची होती, ही दगडाची, एवढाच फरक.

एका खोलीत आम्ही सहा जण आहोत. संगमनेरहून आलेले आम्ही पाच आणि एक वाटाड्या. बचनसिंग पलीकडे स्वयंपाकघरात झोपतो. धुराड्याचा पाइप बर्फानं मोडला, म्हणून आम्ही कोळशाची शेगडी खोलीतच आणलीय. खिडकीवर ताडपत्री ठोकली, दाराच्या फटीत पोती कोंबली. छान ऊब आहे, फक्त उठावंसं वाटत नाही. सगळ्यांची डोकी दुखतायत, आणि आमच्यातली वृषाली सकाळपासून ओकतेय. वाटाड्या म्हणतो, उंचीवरची हवा विरळ असते, असं व्हायचंच.

भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत होते तेव्हा तू दरवर्षीसारखी आत निघून गेलीस. बोलायचं राहून गेलं. आल्यावर बोलू. आप्पांना नमस्कार, सुकन्याला एक धपाटा. काळजी करू नकोस, माया मात्र कर.

तुझी,
जया

*

वस्ती, ता. पाथर्डी
३० आक्टोबर, दिवस मावळताना

चि. जया हिला,
आईचा लई लई आशीर्वाद.

आधी ऊठ आन दार उघड. मग म्होरलं वाच.

उघडलं का? खिडकीची ताडपत्री बी फाड. ती शेगडी भाईर बर्फात फेक. त्या वाटाड्याला म्हनावं, हवेचं कौतुक नंतर सांग. डोकं दुखतंय, वकाऱ्या येत्यात, उठावं वाटंना, हे निखाऱ्याचं इख हाय बाई. त्याला वास न्हाई, ते दिसत न्हाई. थंडीनं कुडकुडा, पन दार लावू नका. आईची शपथ हाय तुला.

तू म्हनशील, चौथी शिकल्याली आई, हिला काय ठावं. तर ऐक. तुझ्या आधीचा अंगद. चार महिन्यांचा हुता. पुसातली थंडी, उसाच्या फडाच्या कडंला आमची कोपी. पहाटं ऊस भराया जायचं हुतं. लेकरू गारठंल म्हनून मी घमेल्यात निखारे भरून त्याच्या उशाला ठिवले, कोपीवर पलास्टिकचा कागद वढला आन गेले. आले तवा त्यो झोपलाय आसंच वाटलं मला. पाजायला घेतला तवा कळलं.

थंडीनं गेला, आसं मुकादमापासून समदे म्हनले. मी बी तेच म्हनत आले. पन थंडीनं गेल्यालं लेकरू निळं पडतं गं. माझ्या अंगदचे गाल लालभडक हुते. म्होरं चार-पाच सालांनी दवाखान्यातली बाई फडावर आली, शेगडीचं समजावून सांगाया लागली. मी तिच्या म्होरून उठून गेले. तवापासून हे माझ्या गळ्यात अडकून हाय. तुझ्या आप्पाला सुदीक सांगितलं न्हाई. तू चंद्राला ओवाळतीस ते मला बघवत न्हाई, ते ह्याच्यापायी.

फोटू सुकन्याच काढनार, ती वाचल. वाचू दे. मला आता कशाचीच लाज न्हाई.

दार उघडं हाय एवढंच कळव. बाकी काय लिहू नको.

तुझी आई,
लंकाबाई

*

वस्ती, ता. पाथर्डी
३१ आक्टोबर, दुपार

चि. जया,
आशीर्वाद.

रातभर सुकन्याचा मोबाईल हातात धरून बसले. ती म्हनती, एकच खूण उमटली, त्याचा फोन लागल तवा दुसरी उमटल. सकाळपासून धा येळा बघितलं. एकच हाय. तुझ्यापस्तोर पळत यावं म्हनलं तर वाट बंद, आन मी हितं वसरीवर खांबाला टेकून बसल्याली. खुंट्याला बांधल्यावानी झालंय मला.

तुझ्या आप्पानं पत्र वाचलं. सुकन्यानंच दाखवलं. मग म्हनले, त्या पहाटं मी म्होरं गेल्यावर ते माघारी फिरले हुते. वारं आत शिरंल म्हनून दाराची फट त्यांनीच पाचट कोंबून बुजवली. त्या दवाखान्यातल्या बाईचं बोलनं त्यांनी बी ऐकलं हुतं, लांब उभं राहून. एवढी सालं एका ताटात जेवलो गं आमी, आन दोघांनी बी तोंड उघडलं न्हाई.

जया, बोल की गं. शिव्या दे, पन बोल.

आई

*

तिसरी झोपडी
१ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. आप्पा,
दोघांच्या पायांवर डोकं.

दार उघडं आहे.

काल तिसऱ्या प्रहरी बर्फ जरा ओसरला तेव्हा बचनसिंग वर चढला आणि दोन्ही पत्रं घेऊन उतरला. त्यानं दार ढकललं तर आमची पोती सरकेनात. फटीतून त्यानं फोन आत दिला. तुझी पहिली ओळ वाचली आणि उठायला गेले, तर पाय माझे नव्हतेच. रांगत गेले, पोती ओढली. शेगडी बचनसिंगनं भिरकावली. वृषाली हाका मारून जागी होईना, तिला ओढत बाहेर बर्फावर नेली तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. ती आता चहा मागतेय. वाटाड्या माझ्याकडे बघायचंही टाळतो.

बाकीचं पत्र मी मग वाचलं, बाहेर बसून, मोठ्यानं रडत. आई, तू तेव्हा अठराची होतीस ना? माझ्या बारावीच्या वर्गात तेवढ्याच वयाच्या मुली बसतात. डबा विसरला तर रडतात त्या. त्यांच्यातल्या एकीच्या हातात कोयता आणि कडेवर लेकरू दिलं, तर तीही त्याला ऊबच देईल. तू त्याला ऊब दिलीस. आप्पांनी वारा अडवला. यापेक्षा जास्त मला काही म्हणता येत नाही. दोघं मिळून काय रडायचं ते रडून घ्या, पण आता वेगवेगळं नको.

अजून अडकलेलोच आहोत. खालून माणसं परवा पोचतील म्हणतात. दार वीतभर उघडं ठेवून झोपतो, अंथरुणावर बर्फ येतो, सगळे मला शिव्या घालतात. आज सकाळी सहाच्या सहा जण उठून बसलो.

लहानपणी मी कुरकुर करायचे ते आठवतं? सगळ्यांचे भाऊ ओवाळणी घालतात, माझा चंद्रातला भाऊ काहीच देत नाही म्हणून. तेव्हाही तू उठून आत जायचीस. आई, पुढच्या भाऊबीजेला आत जाऊ नकोस. माझ्याजवळ उभी राहा. त्याची ओवाळणी मिळाली मला.

तुमच्या मायेवर जगलेली,
जया