तू जा, मी आहे

३ मे
नोकरी लागली! बंद पडलेल्या खाणीत पर्यटकांना फिरवायचं आणि तोंडाची टकळी चालू ठेवायची. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, हे बायकोला आता पटेल. फाटकासमोरच खोली मिळाली, नळाला पाणीही आहे. लिफ्ट चालवणारा म्हातारा इथलाच जुना खाणकामगार. मी हसून नमस्कार केला, तर तो माझ्या बुटांपाशी थुंकला. बरं, राहिलं!

६ मे
चहा पाजून म्हाताऱ्याला बोलतं केलं. खाणीत एक रीत होती. बदलीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून ‘तू जा, मी आहे’ म्हटल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. शेवटच्या पाळीत छत कोसळलं, म्हाताऱ्याचा भाऊ आतच राहिला. त्याची बदली आलीच नाही. मला आयता मसाला मिळाला! आज बोगद्याच्या टोकाला सगळ्यांना दिवे मालवायला लावले आणि भिंतीवर हात ठेवून तेच वाक्य फेकलं. किंकाळ्या, मग टाळ्या. वर आल्यावर म्हाताऱ्याने माझी गचांडी धरली. मेलेल्याची थट्टा करतोस, जड जाईल, म्हणाला. जळतो, दुसरं काय!

९ मे
वाक्य म्हणताना आज हाताखाली दगड नव्हता. ओलं कापड होतं, आत हाड. मग ते सरकलं आणि मला घासून बाहेर गेलं. पर्यटक वर पोचले. मी लिफ्टमध्ये पाय टाकला तर छातीवर डोंगर आला, श्वासच बंद. मागे सरलो की मोकळा. दहादा करून पाहिलं.

१० मे
खालीच आहे. साहेब दोन माणसं घेऊन आले. मला उचलून लिफ्टमध्ये घातलं, तर नाकातोंडातून रक्त. ते वाक्य कुणीतरी म्हणा म्हणून पाया पडलो. जो म्हणेल तो माझ्या जागी अडकेल, असा म्हाताऱ्याने अर्थ सांगितला, तसे सगळे पळाले. म्हातारा खदाखदा हसत होता. भाऊ घरी आला म्हणे. जागा तू घेतलीस, आता बदली येईपर्यंत बस.

१२ मे
खाणीच्या फोनवर बायको. म्हाताऱ्याने तिला सगळं सांगितलंय. येते म्हणाली. पाचवा महिना चालू आहे तिला — मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

१३ मे
लिफ्ट उतरली. तिचा दिवा — हाक मारतेय. परत जा म्हणून ओरडायला हवं. एवढंच तर करायचंय. जन्मभर नुसती बडबड केली, आणि आता —
ती जवळ आली. तिचा हात —
मी खांदा पुढे केला आणि —